लातुरात बसून संस्कृत शिकायचं म्हणताय?

लातुरात नीटचे क्लास गल्लोगल्ली आहेत, संस्कृत शिकवणारं माणूस मात्र शोधावं लागतं. पाटी लावून बसलेलं कुणी मिळणार नाही. पण दहावीला गुण चांगले पडतात म्हणून आठवीपासून संस्कृत घेणारी पोरं इथंही आहेत, म्हणजे त्यांना शिकवणारे सर-मॅडम आहेतच. मी त्यांनाच गाठलं. चाळिशीतला माणूस हौसेनं शिकायला आलाय म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. देवळातल्या गुरुजींकडून उच्चार जरूर घासूनपुसून घ्या. व्याकरण मात्र प्रत्येक गुरुजींना समजावता येतंच असं नाही.

पुस्तक कोणतं? सरळ आठवीचं ‘आमोदः’. बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. आठवीच्या लेकरांचं पुस्तक म्हणून लाजू नका. लिपी आपलीच, विभक्त्यांची नावं मराठी व्याकरणात पाठ केलेली. खरं नवं काय, तर द्विवचन आणि धातूंचे, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचे, दहा गण.

शब्दरूपावली, म्हणजे शब्द विभक्त्यांत चालवून दाखवणारी पुस्तिका, घ्या, स्वस्तात मिळते, पण पहिल्या महिन्यात उघडू नका. ‘रामः रामौ रामाः’पासून पाठांतराला लागलेले बरेच जण ‘हरि’पर्यंत पोचता पोचता वही मिटतात. आधी कानावर भाषा पडू द्या. संस्कृत बोलायला शिकवणाऱ्या ‘संस्कृत भारती’ या संस्थेची संभाषण शिबिरं त्यासाठी उत्तम: दहा दिवस, रोज दोन तास. तिथं व्याकरण न सांगता थेट बोलायलाच लावतात. ज्यांना नियम कळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांची थोडी चिडचिड होईल, पण तोंड उघडतं हे नक्की. तालुक्याला शिबिर नसेल तर आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या ऐका; 1974पासून चालू आहेत. बातमी आदल्या रात्रीच मराठीत कळलेली असते, त्यामुळं शब्द चटकन पकडता येतात. दूरदर्शनचा ‘वार्तावली’ हा संस्कृत कार्यक्रमही आहे.

खरी अडचण संधीची. बोलताना सुटे वाटणारे शब्द श्लोकात एकमेकांना चिकटून बसतात आणि कोशात सापडेनात होतात. म्हणून गीता घेताना पदच्छेद (शब्द सुटे करून) आणि अन्वय (ते गद्याच्या क्रमानं लावून) दिलेलीच प्रत घ्या. नुसता अर्थ दिलेली प्रत पारायणाला ठीक, शिकायला नाही. रोज एकच श्लोक, आधी आपण फोडायचा, मग खाली बघायचं. त्याच्या जोडीला पंचतंत्रातल्या सोप्या केलेल्या गोष्टी. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश जालावर फुकट आहे, पण अर्थ इंग्रजीत. तो वर्षभरानं लागेल.

परीक्षेशिवाय अभ्यास होत नसेल तर संस्कृत भारतीच्या पत्राचारानं द्यायच्या परीक्षा आहेत: प्रवेश, परिचय, शिक्षा, कोविद. पदवीच हवी असेल तर रामटेकचं कालिदास विद्यापीठ आहे, आणि त्या मानानं जवळ छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात संस्कृत विभाग आहे. प्रवेशाच्या तारखा मात्र फोन करून विचारा, ऐकीव माहितीवर गाडीत बसू नका.