बँकॉकमधला एक दिवस शाकाहारी माणसाने कसा काढावा

दिवस शनिवार किंवा रविवार धरा. चतुचाकचा बाजार पूर्ण भरतो तो याच दोन दिवशी.

सकाळी बीटीएसने, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेने, सफान ताक्सिनला उतरा. स्टेशनखालीच साथोर्न धक्का आहे, तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडून था चांग धक्क्यावर उतरा. राजवाडा साडेआठला उघडतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वाटेत कोणी "आज बंद आहे" म्हणाला तर न थांबता फाटकापर्यंत चालत जा. त्याची टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, रत्नांच्या दुकानात जाते. मग वाट फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघा आणि था तिएन धक्क्याहून होडीने नदीपलीकडे वाट अरुण या देवळात जा.

आता जेवण. "नुसतं व्हेज म्हणा, समजतं त्यांना" हा सल्ला मला चौघांनी दिला होता आणि चौघेही चुकले. पहिल्या फेरीत मी तीन दिवस आनंदाने सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईचं कोशिंबिरीसारखं सॅलड खात होते. चौथ्या दिवशी खलबत्त्यापाशी उभी राहिले, तेव्हा बाई मूठभर सुकट टाकून कुटताना दिसली. वर नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस. तिने फसवलं नव्हतं. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे व्हेज, असाच अर्थ तिथे बहुतेक जण घेतात. पाड थाईतही हेच दोन पदार्थ असतात, आणि साध्या परतलेल्या भाजीत कालवांचा सॉस.

म्हणून "व्हेज" हा शब्द सोडा. "जे" म्हणा. हा थाई बौद्धांचा कडक शाकाहार: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. अशा गाड्यांवर पिवळी पाटी किंवा झेंडा असतो, त्यावर लाल अक्षरं, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसणारी. ती खूण दिसली की निर्धास्त बसा. साधारण ऑक्टोबरात जे-उत्सवाचे नऊ दिवस येतात, तेव्हा चायनाटाउनमधल्या याओवारात रस्त्यावर असे झेंडेच झेंडे दिसतात. एरवी गाडी शोधावी लागते, म्हणून भूक लागण्याआधीच शोधायला लागा.

जे गाडी मिळालीच नाही तर "माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग" म्हणा: माशाचा सॉस नको, सुकट नको. आणि समोर उभं राहून बघा. कढई मात्र मांस-मासे परततात तीच असते. ते चालत नसेल तर तिथे खाऊच नका. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात बिनधास्त खा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर दोनदा खा.

दुपारी एमआरटी मेट्रोने काम्फेंग फेत स्टेशनला उतरा, समोर चतुचाक. आवडलेली वस्तू तिथल्या तिथे घ्या, किंवा दुकानाचा विभाग आणि गल्लीचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. २७ विभाग आहेत. "परत येताना घेऊ" म्हटलेलं दुकान मला आजवर एकदाही सापडलेलं नाही.