चरात उतरताय? या चुका टाळा

"पाचच मिनिटांचं काम आहे, पाइपचा जॉइंट मारतो आणि वर येतो." ड्रेनेजच्या साईटवर हे वाक्य कानावर पडलं की मी आधी चराच्या कडेकडे बघतो.

मुरूम फसवतो. जेसीबीने ताजा कापला की भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून मुकादम बिनधास्त. मग उन्हाने तो सुकतो, शेजारून डंपर जातात आणि दुपारी तीच भिंत खाली येते. काळ्या मातीत निदान भेग तरी दिसते. एकदा कडेला समांतर अशी भेग पडलेली, बोट जेमतेम जाईल एवढी. माणसं जेवायला वर आली होती, त्यांना परत उतरू दिलं नाही. पोरं कुरकुरली. चारच्या सुमारास तेवढाच तुकडा खाली बसला आणि सकाळी टाकलेला पाइप दिसेनासा झाला.

सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, सुरक्षा नियमांत दीड मीटर किंवा जास्त खोल चराच्या बाजू टप्प्याटप्प्याने मागे कापायच्या, नाहीतर त्यांना लाकडी आधार द्यायचा. "दीड मीटर म्हणजे हनुवटीएवढंच की!" हो, पण उभं राहिलं तर. जॉइंट मारायला माणूस उकिडवा बसतो, तेव्हा तीच कड डोक्याच्या वर असते. एक घनमीटर मातीचं वजन साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त. छातीपर्यंत दबलेला माणूस श्वास सोडतो, तेवढी माती आवळते आणि पुढचा श्वास घेताच येत नाही. तोंड मोकळं असूनही.

उपसलेली माती कडेलाच टाकणं जेसीबीवाल्याला सोयीचं, चराला नाही. कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त तेवढं लांब टाकायला लावा. चार मीटर खोलीला दोन मीटर.

शिडी हवीच. जेसीबीच्या बकेटमध्ये बसून उतरणं बंद. 1.2 मीटर किंवा जास्त खोल चरात दर 30 मीटर लांबीला निदान एक शिडी, कडेच्या वर 90 सेंटिमीटर आलेली.

पाणी उपसायचा डिझेल पंप चरात ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि ढासळलंच तर? वरच्यांनी उडी मारायची नाही, उरलेली कडही येते. जेसीबीने उकरायचं नाही, बकेट माणसालाच लागते. यंत्रं बंद करा, 112 किंवा 101 लावा आणि खाली नक्की किती जण होते ते मुकादमाकडून नावानिशी मोजून घ्या.