थरमध्ये सायकल नेताय? गोव्याच्या सवयी तिथे नडतात, या चुका टाळा

थंडी सुरू झाली की फोंडा, डिचोली, म्हापशाकडच्या सायकलवाल्यांत राजस्थानचे बेत शिजू लागतात. मडगावहून मरुसागर एक्स्प्रेसने अजमेर, तिथून जोधपूर, मग सायकलवरून पोकरण ते जैसलमेर. हा टप्पा साधारण ११० किलोमीटरचा आणि बराचसा सपाट. चोर्ला घाट चढणाऱ्याला तो किरकोळ वाटतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणं

गोव्यात घाम नाकावरून टपकतो, जर्सी पिळून काढावी लागते. पाणी पी, असं शरीरच ओरडून सांगतं. थरची हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो. जर्सी कोरडी, वारा गार, तहानही बेताची. दुपारी चहाला उतरल्यावर काळ्या शॉर्ट्सवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात, तेव्हा कळतं अंगातून किती गेलं ते. म्हणून तहानेवर विसंबू नका, घड्याळ बघून प्या: दर १५-२० मिनिटांनी दोन-चार घोट. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा सकाळपासून लागलीच नसेल, तर तुम्ही आधीच मागे पडला आहात.

याच्या उलट चूक नुसतं पाणी ढोसण्याची. रक्तातलं मीठ पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणीच कमी पडलं. तो आणखी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, बाटली लहान आहे म्हणून अर्ध्या लिटरात नाही. धाब्यावर मीठ घातलेली छास मिळाली तर सोडू नका. आपला कोकमाचा आगळ छोट्या बाटलीत नेला तर उत्तमच, मीठ त्यात असतंच. झाकण मात्र घट्ट लावा. तो डाग जात नाही.

किती पाणी न्यायचं हे रस्त्यावर ठरतं. पोकरण–जैसलमेर वाटेवर लाठी, चांदण अशी गावं लागतात, त्यामुळे दोन-तीन लिटर पुरतं. पण पुढे तणोटला जाणार असाल तर रामगढ सोडल्यावर जवळपास ५५ किलोमीटर भरवशाचं काही नाही. तिथे पाच लिटर लागतंच. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी खारट असतं, बाटली भरण्याआधी चाखून बघा.

पहाटे पाचला निघणं

गोव्यात उन्हाआधी उरकायचं म्हणून हे बरोबर. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो, पारा १० अंशांच्या खाली असतो आणि हायवेवर गुरं बसलेली असतात. उजाडल्यावर निघा, पूर्ण बोटांचे हातमोजे घाला.

वाऱ्याचा अंदाज मात्र घ्या. जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या भरपूर आहेत आणि त्यांचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. पुढची पवनचक्की तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर वारा पाठीशी आहे. तिची पाठ दिसत असेल तर वेगाचा हट्ट सोडा, हलका गिअर घ्या आणि साथीदारांसोबत आळीपाळीने पुढे राहा.

सावलीत सायकल ढकलत नेणं

पंक्चर बहुधा डांबरावर होत नाही. खेजडीच्या (शमीच्या) झाडाखाली किंवा विलायती बाभळीखाली विसावायला जाताना होतं, कारण काटे तिथेच पडलेले असतात. रस्ता सोडला की सायकल उचलून न्या. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. मोडून राहिलेलं टोक बोटाला लागत नाही, कापूस मात्र त्यात अडकतो. हे न करता दहा मिनिटांत दुसरी ट्यूब गमावणारे पुष्कळ. ट्यूबलेस टायर असतील तर निघण्याआधी सीलंट (छिद्र बुजवणारा टायरमधला द्रव) तपासा, कोरड्या हवेत ते लवकर सुकतं.

घाटावरच तयारी करणं

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित चूक हीच. चोर्ला किंवा अनमोडला चढताना आपण सीटवरून उठतो, उतारावर पाय थांबतात. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एकाच जागी बसून पॅडल मारायचं असतं, म्हणून पायांआधी बूड सोलवटतं आणि हाताची बोटं बधिर होतात. निघण्याआधी काही रविवार पणजी–रायबंदर रस्त्यावर न थांबता फेऱ्या मारा. कंटाळा येईल, पण सीटची उंची आणि हँडलबारचा कोन चुकला असेल तर इथेच कळेल. वाळवंटात दर २० मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पॅडल मारा, हातांची जागा बदला.

पावसाळी तेल

आपल्याकडे पाऊस आणि खारी हवा, म्हणून चेनला जाड तेल लावायची सवय. त्यावर वाळू चिकटली की चेन आणि गिअरचे दात झिजत जातात. जुनं तेल घरीच केरोसीनने धुऊन काढा, चेन पूर्ण सुकू द्या आणि मेणाचं ल्यूब (वंगण) लावा. मुक्कामावर पोचल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसायची, पाण्याने धुवायची नाही. करकर ऐकू आली तर एकेका कडीवर एकच थेंब टाका, वरचं सांडलेलं पुसून घ्या, आणि हे काम रात्रीच करा. मेणाचं ल्यूब मुरायला वेळ लागतो.