पाळीत पोट दुखतं तेव्हा शेक नेमका कसा घ्यावा

पाळीच्या पोटदुखीवर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘थोडं सहन कर, थांबेल आपोआप.’ दुसरा, ‘कडकडीत शेक घे.’ पहिल्याने दिवस वाया जातो आणि दुसऱ्याने कातडी भाजते. शेकाने कळा खरोखर कमी होतात, पण तो लवकर सुरू करावा लागतो आणि मंद ठेवून बराच वेळ घ्यावा लागतो.

पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. मळमळ, जुलाब, डोकेदुखी यांच्यामागेही बऱ्याचदा तीच असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांचा जोर सर्वात जास्त असतो, म्हणून दुखणंही तेव्हाच जास्त. ‘सगळ्यांनाच होतं, तुझंच काय एवढं’ म्हणणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

कंबर जड वाटायला लागली, मांड्या भरून आल्या, ओटीपोटात ओढ जाणवली की लगेच शेकायला घ्या. कळा ऐन भरात आल्यावर गरम पाण्याची पिशवी शोधायला उठलात तर आराम पडायलाही तेवढाच उशीर लागतो.

आता पिशवी. सगळी गडबड इथेच होते आणि मलाही हे नीट जमायला बराच काळ गेला. उकळतं पाणी थेट पिशवीत ओतायचं नाही. त्याने रबर लवकर खराब होतं, आणि बूच निसटलं तर पोट-मांड्या भाजतात. उकळलेलं पाणी थोडा वेळ राहू द्या किंवा त्यात थोडं गार पाणी मिसळा. पिशवी दोन-तृतीयांशच भरा. मग ती हळूच दाबत पाणी गळ्यापर्यंत वर आणा, म्हणजे आतली हवा निघून जाईल, आणि तशीच दाबून धरून बूच घट्ट लावा. हवा काढायचं काम बहुतेक जणी सोडून देतात. मग पिशवी फुगून टणक होते, पोटावर डुगडुगते आणि मधल्या चार बोटांपुरतीच टेकते. हवा काढलेली पिशवी लुसलुशीत राहते आणि ओटीपोटावर पसरून बसते. शेवटी मोरीत उलटी धरून ठिबकते का पाहा. बुचाचं वॉशर कडक झालं असेल किंवा रबराला बारीक चिरा दिसत असतील तर ती पिशवी टाकून द्या. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

पिशवीला जाड सुती कापड गुंडाळा. जागा बेंबीच्या खाली, ओटीपोटावर. पुष्कळ जणी ती वर, जठरावर ठेवतात आणि शेकाचा उपयोग होत नाही म्हणतात. कंबर जास्त दुखत असेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या आणि पिशवी पाठीमागे, माकडहाडाच्या जरा वर टेकवा. पिशवीवर अंगाचा भार टाकून झोपू नका.

किती गरम? ऊब सुखद वाटली पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावर लावायच्या सुमारे 39 अंश सेल्सिअसच्या पट्टीने आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम पडला होता. 39 अंश म्हणजे जेमतेम ताप आल्याएवढी ऊब! पण ती पट्टी दिवसाला सुमारे 12 तास अंगावर होती. घरच्या पिशवीचं तापमान असं स्थिर राहत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी ती उचलून कातडी पाहा. फिकट गुलाबी असेल तर ठीक, लालभडक झाली तर थांबा. महिनोन् महिने कडक शेक घेतला की पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. ते दिसले की त्या जागी शेकणं बंद करायचं. ‘जितकं गरम तितकं गुणकारी’ हा सल्ला मला म्हणूनच अजिबात सहन होत नाही.

विजेचा पॅड असेल तर सर्वात कमी आचेवर ठेवा आणि डोळा लागण्याआधी बंद करा. वेदनाशामक मलम चोळलेल्या जागी किंवा बधिर झालेल्या कातडीवर शेक नको.

गोळीलाही हाच नियम: उशीर करू नका. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, त्यामुळे कळा सुरू होताच घेतलेली गोळी जास्त कामाची. प्रौढ व्यक्तीला आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन, सहा ते आठ तासांच्या अंतराने. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. या दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. जठरात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल चालतं, पण या कळांवर ते जरा कमी पडतं. गोळी आणि शेक दोन्ही एकावेळी घेतले तरी हरकत नाही.

बाकी उपाय थोडक्यात. आल्याचा काही जणींना उपयोग होतो. टेन्स नावाचं, कातडीवरून सौम्य विद्युत-झटके देणारं छोटं उपकरण जास्त वारंवारितेवर ठेवलं तर काम देतं. महिनाभर आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास व्यायाम केला तर पुढच्या पाळ्या हलक्या जाऊ शकतात; ऐन पाळीच्या दिवशी मात्र चालवेल तेवढंच चाला.

हे सगळं करूनही दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल तर दुखणं अंगावर काढू नका. आधी नसलेलं दुखणं पंचविशीनंतर सुरू झालं, रक्तस्राव थांबल्यावरही राहिलं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखू लागलं, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) यांची तपासणी हवी. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला असह्य दुखत असेल, तर पिशवी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं, किती दिवस टिकलं आणि कोणती गोळी किती घेतली हे लिहून न्या. नुसतं ‘पोट दुखतं’ म्हटलं तर पुष्कळदा गोळी लिहून परत पाठवतात. कागदावर तीन महिन्यांच्या तारखा असल्या की तपासणीचं बोलणं लवकर सुरू होतं.