ऑलिंपस ट्रिप ३५: बिनबॅटरीचा रोलवाला कॅमेरा कसा वापरायचा

सध्या लै पोरं जुने रोलवाले कॅमेरे शोधायलेत, आणि कुठला घेऊ म्हणून विचारलं की मी एकच नाव सांगतो, ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ ला आला, १९८४ पर्यंत बनत होता, त्यामुळं सेकंडहँडमध्ये अजून मिळून जातो. खिशात बसेल न बसेल असा, पण हातात घेतला की चांगला वजनदार लागतो, धातूचा आहे ना. आणि मुख्य म्हणजे ह्याला सेल घालायची भानगडच नाही. लेन्सच्या भोवती बुडबुड्याबुडबुड्याचं काचेचं कडं दिसतं, त्याच्या मागं सेलेनियम आहे, उजेड पडला की त्यातून थोडीशी वीज तयार होते, तेवढ्यावर उजेड मोजायच्या मीटरचा काटा हलतो आणि बाकीचं कॅमेराच ठरवतो. आता मराठवाड्यात पाऊस दगा देईल एखाद्या वर्षी, पण ऊन? ते काही कमी पडत नाही.

घ्यायच्या आधी

पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी करा. लेन्सवरची रिंग ए म्हणजे ऑटो वर आणा, मागचं चाक अंगठ्यानं फिरवून शटर चढवा, आणि लेन्स तळहातानं पूर्ण झाकून बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, लाल पट्टी वर यायला पाहिजे आणि बटण अडकलं पाहिजे. मग हात काढून उजेडाकडं तोंड करून दाबा, आता क्लिक झालं पाहिजे. अंधारातही बिनधास्त क्लिक होत असेल तर तो नुसता शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा आहे, विकणारा काही का सांगेना. अपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहानमोठं करणारी पाती तेलकट होऊन चिकटलेली नाहीत ना तेही समोरून बघून घ्या, ह्या कॅमेऱ्याचं ते नेहमीचं दुखणं आहे. मागच्या झाकणाचा फोम चिकट झालेला असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो.

रोल भरताना

सावलीत बसा. मागचं झाकण उघडा, रिवाइंडची खुंटी वर ओढून रोल डाव्या खाचेत बसवा, फिल्मची जीभ उजवीकडच्या गुंडीच्या चिरेत घाला आणि चाक फिरवून दोन्ही बाजूची भोकं दात्यांवर नीट बसू द्या, मगच झाकण लावा. आता खरी खूण सांगतो. पुढचा फोटो चढवताना डावीकडच्या रिवाइंडच्या खुंटीकडं बघा, ती उलटी गरगरली तर रोल आत सरकतोय, ती गप्प बसली तर ३६ च्या ३६ फोटो हवेत जाणार. दोन फोटो असेच सोडून द्या. आणि पुढच्या रिंगवर रोलचा एएसए, म्हणजे रोल उजेडाला किती चटकन पकडतो त्याचा आकडा, लावायला विसरू नका, २५ ते ४०० एवढंच लागतं त्यात.

आपल्याकडं २०० चा रोल भरपूर झाला. भर दुपारच्या उन्हात २०० ला साधारण १/२०० सेकंदाचं शटर आणि एफ/१६ चं अपर्चर लागतं (एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान), ४०० घातला तर एफ/२२, म्हणजे कॅमेऱ्याचं शेवटचं टोक. ह्याच्यात शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२००. रिंग ए वरून काढून आकड्यांवर नेली की शटर १/४० वरच राहतं, ते फ्लॅशसाठी आहे, उन्हात तिकडं जाऊच नका.

फोटो काढताना

तुम्हाला ठरवायचंय ते फक्त अंतर. लेन्सवर चित्रं आहेत: एक डोकं म्हणजे १ मीटर, दोन डोकी दीड मीटर, घोळका ३ मीटर, आणि डोंगर म्हणजे लांबचं सगळं. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घोडेबाजारात फिरायचं असेल तर घोळक्यावर ठेवून द्या आणि विसरून जा, चांगल्या उन्हात एफ/११ च्या आसपास साधारण दोन ते सात मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, आणि समोरच्याला कळायच्या आत फोटो निघालेला असतो. ह्या कॅमेऱ्याची खरी मजा ही आहे बघा, मोबाईल वर धरला की माणसं लगेच पोज द्यायला लागतात.

वेरूळला जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात, आणि दुपारनंतर जा कारण कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. तिथं घोळ असा होतो की वर आभाळ पांढरं आणि खाली दगड काळा, मीटर आभाळाला भुलतं आणि शिल्पं काळीठिक्कर. म्हणून कॅमेरा आधी खाली दगडाकडं धरा, बटण अर्धं दाबून ठेवा, मग फ्रेम लावून पूर्ण दाबा. नाहीतर सरळ एएसए २०० चा १०० करून टाका, निगेटिव्हला जरा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही.

रोल संपल्यावर

तळाचं बारीक बटण दाबा, खुंटीची दांडी उघडून बाणाच्या दिशेनं फिरवा, एकदम हलकं लागलं की झालं. मे महिन्यात रोल गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, रंगाची वाट लागते.

रंगीत रोल मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरिअर करून धुऊन घेतलेला बरा. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी जमतं, फक्त डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुवायच्या केमिकलला, २० डिग्रीचं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात टाकीच्या नळाला हात लावला तर पोळतो, तेव्हा बर्फ घालून थर्मामीटरनं मोजून घ्या. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात अजिबात करू नका, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे क्षार बसतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ना त्याची बाटली आणून ठेवा.