वाचनालय नव्या इमारतीत गेलं, तर जुन्या वाड्याचं काय करायचं?

आमचं वाचनालय तीन खोल्यांच्या जुन्या वाड्यात होतं. कपाटं जिन्यापर्यंत आली तेव्हा कार्यकारिणीत पहिला सूर निघाला, "वाडा विकून टाकू." चिटणीस म्हणून मी अडवलं. तुम्हीही घाई करू नका.

आधी कागद काढा: प्रॉपर्टी कार्ड, संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे विश्वस्त संस्थेची इमारत विकायला किंवा 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देणगीपत्रही वाचा. आमच्या देणगीदार आजींनी 'वाचनासाठीच' असं लिहून ठेवलं होतं. ते वाचल्यावर बैठकीत सगळे गप्प झाले.

मग वाड्याला झेपेल असंच काम शोधा. पुस्तकांचं वजन फार, म्हणून माडीवरची कपाटं हलवली आणि तिथे अभ्यासिका केली. खाली बालविभाग. पणजीतलं गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेलं आणि त्याच्या जुन्या इमारतीत 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला, म्हणजे मार्ग निघतो.

बंद घर लवकर खचतं, त्यामुळे कुलूप लावून निघून जाऊ नका. पावसाआधी कौलं शाकारून घ्या. जुन्या भिंतींना चुन्याचाच गिलावा करा, सिमेंट ओल आत कोंडतं. आम्ही एका भिंतीला सिमेंट लावलं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. आणि स्थलांतराआधीच ठराव करा: किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार.