मराठी मजकुरातला सुटा शब्द रेग्युलर एक्स्प्रेशनने बदलताना

एखाद्या मसुद्यात ‘कर’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘शुल्क’ घालायचे आहे, असे समजा. साधा शोध-बदल केला, तर ‘करार’चा ‘शुल्कार’ आणि ‘शेतकरी’चा ‘शेतशुल्की’ होतो. शब्द सुटा हवा, हे रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकूर शोधण्यासाठी चिन्हांनी लिहिलेल्या नमुन्याला, सांगता येते. मात्र इंग्रजी मजकुरासाठी शिकवली जाणारी युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही.

ती युक्ती म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी (\b) ही शब्दसीमेची खूण लावणे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘री’ (re) मॉड्यूलमध्ये ती लावल्यावर ‘शेतकरी’ बदलापासून वाचतो, कारण ‘क’च्या आधी ‘त’ हे अक्षर आहे. ‘करार’ मात्र तरीही सापडतो, कारण हे मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही आणि ‘र’पुढे काना दिसताच शब्द संपला असे समजते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत ही खूण रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोअर एवढेच ओळखते, त्यामुळे तिथे सुटा ‘कर’सुद्धा हाती लागत नाही.

म्हणून सीमा आपणच लिहावी:

(?<![ऀ-ॿ])कर(?![ऀ-ॿ])

चौकटी कंसात युनिकोड या अक्षरसंकेत-प्रणालीतला मूळ देवनागरी विभाग पहिल्यापासून शेवटच्या चिन्हापर्यंत आला आहे. लगेच आधी किंवा लगेच नंतर देवनागरी चिन्ह नसावे, एवढेच दोन्ही बाजूंचे गोल कंस तपासतात. ते स्वतः मजकूर उचलत नाहीत, त्यामुळे बदल फक्त मधल्या शब्दाचा होतो.

आता ‘कराचा’, ‘कराला’ ही रूपे सुटतात. त्यांच्यासाठी दुसरी फेरी करावी:

शोध: (?<![ऀ-ॿ])करा(चा|चे|च्या|ला)(?![ऀ-ॿ])
बदल: शुल्का\1

कंसात सापडलेला प्रत्यय \1 परत आणतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याऐवजी $1 लिहावे. हा आकडा इंग्रजीच लागतो. यादीत ‘ची’ मुद्दाम घेतलेला नाही, नाहीतर कराची शहराचे ‘शुल्काची’ होईल. मजकुरात ‘कराची’ येते ती ठिकाणे डोळ्यांनी पाहूनच बदलावीत.

पायथॉनचे बदल करणारे ‘सब’ (sub) फंक्शन मूळ स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, हात लावत नाही, नवी स्ट्रिंग देते. ती व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नये. जावास्क्रिप्टच्या ‘रिप्लेस’ला (replace) नमुन्यासोबत ‘सर्वत्र बदल’ सांगणारा ‘जी’ (g) फ्लॅग दिला नाही, तर पहिलाच शब्द बदलतो. ‘काम कर’मधले क्रियापदही या नमुन्यात सापडते, तेव्हा बदलण्यापूर्वी सापडलेल्या ओळी छापून पाहाव्यात. आणि ‘नवा कर’चे ‘नवा शुल्क’ होईल, तिथे विशेषणाचे लिंग हातानेच सुधारावे लागते.